गॅलरीत कोण कोण येतं?

सोसायटीच्या गच्चीवर मूठभर ज्वारी फेकली की पाच-दहा मिनिटांत कोण हजर होणार, हे सांगायला पक्षितज्ज्ञ लागत नाही. कबुतरं येतात. पहिल्या दिवशी चार, आठवड्याने चाळीस, आणि महिन्याभराने एसीच्या मागे, ग्रिलच्या कोपऱ्यात, बाथरूमच्या खिडकीबाहेरच्या पट्टीवर काटक्यांचे ढीग. चिमण्या याव्यात म्हणून ज्यांनी दाणे टाकले ते चिमण्यांची वाट बघत राहतात आणि शेजारचे सेक्रेटरीकडे तक्रार करतात. पक्ष्यांची आवड असलेल्या कितीतरी घरांत हा छंद इथेच सुरू होतो आणि इथेच संपतो. याचं वाईट एवढ्यासाठी वाटतं की आसपास थोडी झाडं असतील तर त्याच गॅलरीत वर्षभरात पंधरा-वीस जातींचे पक्षी येऊ शकतात. त्यातल्या बहुतेकांना ज्वारी नको असते, एवढंच.

पाखरांना घास घालणं तसं आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. न जेवणाऱ्या पोराला भरवताना एक घास चिऊचा, एक काऊचा निघतोच. एरवी कावळ्याला हाड-हूड करणारी माणसं पितृपक्षात गच्चीवर पान ठेवून त्याची मनधरणी करतात. कोकणात नवान्न पौर्णिमेला दारावर ‘नवं’ बांधतात, त्यातल्या भाताच्या लोंब्यांवर चिमण्या ताव मारतात आणि त्यांना कुणी हुसकत नाही. देशावरचा शेतकरी ज्वारी दाण्यात आली की गोफण घेऊन माळ्यावर चढतो, पण मळणीनंतर खळ्यावर सांडलेल्या दाण्यांचा हिशेब ठेवत नाही. या सगळ्या दाण्याला हंगाम होता. गच्चीवरच्या ज्वारीला तो नाही. ती बारा महिने, रोज, एकाच जागी पडते आणि तिचा फायदा नेमका एकाच पाहुण्याला होतो. त्याचं कारण मोठं मजेदार आहे.

दाणे खाणारे बहुतेक पक्षी पिल्लांना मात्र दाणे भरवत नाहीत. चिमणीचंच घ्या. स्वतः ती धान्य टिपते, पण पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की सुरुवातीला त्याच्या चोचीत अळ्या, मावा, नाकतोडे, कोळी असंच काहीबाही जातं. झपाट्याने वाढणाऱ्या कोवळ्या जिवाला प्रथिनं लागतात आणि ती किड्यांत असतात. साळुंकी, बुलबुल, दयाळ, शिंपी यांच्याही पिल्लांचं असंच. मधावर जगणारा शिंजीरसुद्धा पिल्लांसाठी कोळी आणि चिलटं शोधत फिरतो. कबुतराला ही कटकट नाही. नर आणि मादी या दोघांच्याही गळ्यातल्या अन्नपिशवीच्या अस्तरापासून प्रथिनं आणि चरबी यांनी भरलेला एक घट्ट, पिवळसर पदार्थ तयार होतो. त्यालाच कबुतराचं दूध म्हणतात. पिल्लू आईबापांच्या घशात चोच खुपसून ते पितं. म्हणजे आसपास एकही अळी नसली तरी नुसत्या धान्यावर कबुतराचा संसार चालतो. त्यात शहरातली कबुतरं ही कड्याकपारींत राहणाऱ्या पारव्यांचेच वंशज. उंच इमारतीच्या पट्ट्या आणि खोबण्या त्यांच्या लेखी आयते कडे. बारमाही दाणा, बारमाही जागा, मग वीणही बारमाही. होलाही याच कुळातला आणि त्याचीही पिल्लं दुधावरच वाढतात, पण तो काही अशी झुंड करून राहत नाही.

२०२५ साली मुंबईतले कबुतरखाने बंद करण्यावरून केवढा गदारोळ झाला ते सगळ्यांनी पाहिलं. दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, लोक रस्त्यावर उतरले, प्रकरण उच्च न्यायालयात गाजलं. त्या वादात धर्म, दया, राजकारण सगळं मिसळलं. वैद्यकीय मुद्दा मात्र सरळ आहे: वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की काही माणसांच्या फुप्फुसांना तिची तीव्र प्रतिक्रिया येते आणि पुढे फुप्फुसं निबर होत जातात. माझं मत विचाराल तर कबुतरांना दाणे घालणं बंद करण्यात भूतदयेला काही बाध येत नाही. कड्यावर राहणाऱ्या पारव्याला माणसाच्या ज्वारीची गरज कधीच नव्हती.

दाणे टांगायची नळकांडी किंवा छपराची बशी हल्ली ऑनलाइन मिळते. ती मूळची थंड देशांतली चाल. न्यू जर्सीत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या नातेवाइकाच्या परसात ती टांगलेली दिसते आणि तिथे तिला अर्थ आहे. बर्फाने सगळं झाकलं की छोट्या पाखराला रात्रभर अंग गरम ठेवण्यापुरतं इंधन मिळवायचं असतं आणि सूर्यफुलाच्या तेलकट बिया ते देतात. आपल्याकडे महाबळेश्वरच्या हिवाळ्यातही अशी वेळ येत नाही. आणि तिकडेही हा प्रकार निव्वळ पुण्याचा ठरलेला नाही. ब्रिटनमध्ये २००५च्या सुमारास ग्रीनफिंच नावाच्या हिरवट रंगाच्या पाखरांत घशाचा एक परजीवी रोग पसरला आणि त्यांची संख्या पार कोसळली. आजारी पक्ष्याची लाळ लागलेला दाणा दुसऱ्याने उचलायचा, तिसऱ्याने तिथलंच पाणी प्यायचं. एकाच भांड्याभोवती रोज जमणारी गर्दी ही रोगाला हवी तशी सोय होती. तेव्हापासून तिथले पक्षीप्रेमी भांडी घासण्याबद्दल फार कडक झाले आहेत.

तरीही दाणे घालायची हौस असेलच तर बाजरीचं किंवा राळ्याचं अख्खं कणीस सुतळीने टांगावं. चिमणी, मुनिया असली हलकी पाखरं कणसाला लोंबकळून दाणे काढू शकतात. कबुतराला ती कसरत जमत नाही. पपईची फोड, अर्धं केळं, पिकलेला पेरू ठेवला तर बुलबुल आणि कोकीळ येतील. तांबटही येईल, जवळपास असला तर. शेव, फरसाण, बिस्किटं, खारे दाणे, फोडणीचा भात यांतलं काहीही नको. पावसाळ्यात शेंगदाण्याला बुरशी धरते आणि ती पाखरांना विषारी ठरू शकते, म्हणून जून ते सप्टेंबर दाण्यांचं दुकान बंद ठेवलेलंच बरं. तेव्हा बाहेर किड्यांची चंगळ असते.

दाण्यांपेक्षा कितीतरी जास्त पाखरं पाणी आणतं, आणि हे आपल्या हवामानात लख्ख दिसतं. किडेखाऊ, फळखाऊ, मध पिणारे, कुणीही असोत, एप्रिल-मेच्या दुपारी सगळ्यांनाच पाणी हवं असतं. दाण्याकडे ढुंकूनही न पाहणारा दयाळ पाण्यावर येतो. भांडं पसरट हवं, मातीचं असलं तर उत्तम, कारण त्याच्या खरखरीत कडेवर पंजा घसरत नाही. खोली दोन बोटं पुरे. खोल बादलीत चिमणी बुडून मरते. कुंडीखालची मातीची ताटली चालते. मध्ये एक दगड टाकला की लहानातल्या लहान पाखरालाही उभं राहायला जागा होते. सावलीत ठेवावं, मांजर दबा धरू शकणार नाही इतकं उंच ठेवावं, आणि हातभर अंतरावर एखादी फांदी असावी. ही फांदी फार महत्त्वाची. पाखरू थेट पाण्यावर उतरत नाही. आधी फांदीवर बसून चौफेर बघतं, मग कडेवर येतं, पुन्हा एकदा मागे जातं आणि मगच चोच बुडवतं.

बुलबुलाची अंघोळ एकदा सावकाश बघा. आधी नुसती छाती पाण्याला टेकवतो आणि लगेच उभा राहतो. दुसऱ्यांदा पोटापर्यंत बसतो, पंख अर्धवट उघडून फडफडवतो आणि मान मागे टाकून डोक्यावरचं पाणी पाठीवर ओततो. शेंडी चप्प बसते, पिसं भिजून चिकटतात आणि आपला रुबाबदार लालबुड्या बुलबुल एकदम निम्म्या आकाराचा दिसायला लागतो. मग तो फांदीवर जाऊन अंग झटकतो आणि एकेक पीस चोचीतून काढायला बसतो. हे काम बराच वेळ चालतं. शेपटीच्या बुडाशी तेलाची एक ग्रंथी असते, तिथे चोच घासायची आणि ते तेल पिसांवर फिरवायचं. पिसाचे बारीक धागे एकमेकांत अडकून सपाट पातं बनलेलं असतं. ते विस्कटलं की हवा धरत नाही आणि ऊबही धरत नाही. म्हणून पाखरं भर उन्हाळ्यात आणि भर थंडीतही अंघोळ करतात. गारवा हा त्यातला एक भाग झाला. उरलेलं सगळं यंत्रदुरुस्तीचं काम आहे.

पाण्याची एक अट आहे. ते रोज बदलायचं आणि भांडं दोन-तीन दिवसांनी काथ्याने खसाखसा घासायचं, साबणाशिवाय. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे हा क्रम पाळला तर डेंग्यूची भीती उरत नाही. गावाला जाताना भांडं पालथं घालून जावं.

पाण्यानंतरची पायरी झाडांची. ज्यांच्याकडे अंगण आहे त्यांनी एखादा उंबर, एखादी काटेसावर, एखादा पांगारा सहन करावा. सहन करावा म्हणतो, कारण उंबराच्या सड्याला आणि सावरीच्या कापसाला कंटाळून झाडं तोडणारी माणसं कमी नाहीत. फेब्रुवारीत निष्पर्ण काटेसावर लाल फुलांनी भरते तेव्हा तिच्याखाली अर्धा तास उभं राहावं. साळुंक्या, कोतवाल, बुलबुल, कावळे, शिंजीर आणि भोरड्यांच्या थव्यांची कलकल. मध्य आशियाकडून आलेल्या या गुलाबी पाठीच्या भोरड्या परतीच्या प्रवासाआधी सावर, पांगारा आणि पळसावर तुटून पडतात. मध पिता पिता त्यांची कपाळं परागांनी पिवळी होतात आणि झाडाचं काम होऊन जातं. आणि सोसायटीच्या भिंतीतून जो पिंपळ वर येतो आणि ज्याला काढायला दरवर्षी माणूस बोलवावा लागतो, तो पाखरांनीच विष्ठेतून पेरलेला असतो. ही त्यांची बागकाम करण्याची पद्धत आपल्याला परवडत नाही, एवढंच.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यालाही बरंच काही करता येतं. एक जास्वंद आणि एक मोठ्या कुंडीतला कढीपत्ता पुरेसा आहे. कढीपत्त्याची काळी पिकलेली फळं बुलबुलाला प्यारी. जास्वंदीवर शिंजीर ठरलेला. त्याची चोच लांब आणि बाकदार असली तरी जास्वंदीचं फूल त्याला कधीकधी खोल पडतं, मग तो फुलाच्या देठाजवळ बाहेरूनच भोक पाडून मध ओढतो. परागीभवन वगैरे काही करत नाही, सरळ चोरी. त्याच्यासाठी साखरेचं पाणी टांगण्याची गरज नाही. ती युक्ती अमेरिकेतल्या हमिंगबर्डसाठीची आहे. हमिंगबर्ड हवेत एका जागी तरंगत मध पितो. आपला शिंजीर बहुतेक वेळा फांदीला धरून पितो आणि त्याला साखरेइतकीच कोळ्यांची गरज असते. तेव्हा कुंड्यांवर कीटकनाशकाचा फवारा मारू नये. पानावरची अळी हा पाखरांचा मुदपाकखाना आहे. ती खुडून टाकायची आणि वर बाजारातून आणलेले दाणे ठेवायचे, हा उफराटा कारभार झाला.

कोळिष्टकांबद्दलही थोडं सैल राहावं, निदान गॅलरीत. शिंजिराची मादी घरटं बांधते ते याच जाळ्यांनी. वाळकं गवत, सालीचे तुकडे, अळीची विष्ठा, कागदाचा कपटा असा सगळा भंगार माल ती कोळ्याच्या धाग्यांनी बांधून लांबट पिशवी तयार करते. दाराशी पावसापाण्यासाठी पुढे आलेला छोटा छज्जाही असतो. ही पिशवी कपड्यांच्या दोरीला, केबलच्या वायरीला, कुठेही लोंबते आणि पाहणाऱ्याला वाटतं कचरा अडकलाय. शिंप्याचं घरटं तर नजरेसमोर असून दिसत नाही. मोठ्या पानाच्या झाडावर एक-दोन पानांच्या कडा जवळ आणून हा अंगठ्याएवढा पक्षी चोचीने भोकं पाडतो आणि त्यांतून कापसाचा किंवा जाळ्याचा धागा ओवतो. गाठ मारत नाही. धाग्याचं टोक भोकाबाहेर पिंजारतं, फुगतं आणि तिथेच अडकून बसतं. पान जिवंत असल्यामुळे घरटं हिरवंच राहतं.

असं घरटं सापडलं की घरातल्या सगळ्यांना ते दाखवावंसं वाटतं, आणि तिथेच घोटाळा होतो. फांदी बाजूला करून फोटो काढला की पानांची आड निघून जाते आणि कावळ्याला पत्ता कळतो. लांबून बघावं. कुंडीला पाणी बेताने घालावं. बुलबुलाने गॅलरीतल्या कुंडीत घरटं केलं तर अंडी उबवण्यापासून पिल्लं उडेपर्यंत फार तर महिन्याभराचा प्रश्न असतो. तेवढ्यापुरते कपडे दुसरीकडे वाळत घालता येतात. या महिन्यात एक कठीण प्रसंगही येऊ शकतो. भारद्वाज दिसणं आपण शुभ मानतो. तांबूस पंखांचा, लाल डोळ्यांचा हा देखणा पक्षी बुलबुलांची अंडी आणि पिल्लं मटकावतो. अशा वेळी काठी घेऊन धावू नये, असं मला वाटतं. त्याचीही पिल्लं कुठल्यातरी झुडपात तोंडं उघडून बसलेली असतात.

चिमणीसाठी लाकडी पेटी लावण्याची पद्धत गेल्या काही वर्षांत चांगली रुजली आहे. नाशिकच्या महंमद दिलावर यांच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीने चिमण्यांचा विषय लावून धरला आणि २०१०पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जाऊ लागला. कौलारू घराची वळचण, भिंतीतल्या तसबिरीची मागची पोकळी, लाकडी खांबाच्या वरचा कोनाडा या चिमणीच्या हक्काच्या जागा काँक्रीटच्या गुळगुळीत भिंतींत नाहीशा झाल्या. पेटी ती उणीव भरून काढते. तिचं भोक सव्वा इंचाचं ठेवावं, त्याहून मोठं केलं तर साळुंकी घुसते. उन्हाच्या तडाख्यात लावू नये, पत्र्याची तर मुळीच नको, आत पिल्लं भाजून निघतात. पण पेटी ही फक्त जागा झाली. आसपास किडे नसतील तर पिल्लांना भरवायचं काय, हा प्रश्न उरतोच. तांबटाला आणखी वेगळी सोय लागते. तो वाळलेल्या फांदीत स्वतः ढोली कोरतो. पावसाळ्याआधीच्या छाटणीत अशी वाळकी फांदी पहिल्यांदा जाते. खाली कुणाच्या डोक्यावर पडण्याचा धोका नसेल तर एखादी राहू द्यायला हरकत नाही. त्याची टुक् टुक् टुक् सगळ्या गल्लीला ऐकू येते, पण तो दिसत नाही, कारण ओरडताना तो मान इकडून तिकडे फिरवत असतो आणि आवाज कुठून येतोय ते कळत नाही.

आता बघण्याविषयी. दुर्बीण घ्यायची तर तिच्यावर ८×४२ असे आकडे असलेली घ्यावी. आठ म्हणजे वस्तू आठपट जवळ, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहा-बारापट मोठं दाखवणारी दुर्बीण दुकानदार आग्रहाने गळ्यात मारतो, पण हात जरा हलला की तिच्यातला पक्षीही तितकाच जास्त हलतो. पाखरावरची नजर न काढता दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची, ही एकच युक्ती शिकावी लागते. मात्र गॅलरीतल्या पक्ष्यांसाठी दुर्बीण नसली तरी अडत नाही. आकार आधी बघावा: चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा? मग चोच, मग शेपूट, आणि रंग सगळ्यात शेवटी. रंग हमखास फसवतो. जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या काळात झळाळता निळा-जांभळा असतो, आणि वीण संपली की मादीसारखा पिवळसर होतो, गळ्यापासून पोटापर्यंत फक्त एक काळी रेघ शिल्लक राहते. कोकिळेचंही असंच. काळा कुळकुळीत, कुहू कुहू करणारा तो नर. मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची आणि किक् किक् असं कर्कश ओरडणारी. तिला पाहून हा कुठला नवा पक्षी म्हणून विचारणारे दर मार्चमध्ये भेटतात.

हालचाल तर रंगापेक्षा पक्की खूण. सप्टेंबरच्या अखेरीस गच्चीवर किंवा पार्किंगच्या ओल्या फरशीवर एक लांबट, सडपातळ पक्षी शेपूट सतत वरखाली करत चालताना दिसला तर तो करडा धोबी. तो हिमालयाकडून आलेला असतो. ऑक्टोबरात भिंतीवर बसून शेपूट थरथरवणारा काळा-नारिंगी पक्षी दिसला तर थिरथिरा. झुडपात न दिसता चक् चक् करणारा मातकट बोरू वटवट्या एप्रिलपर्यंत मुक्कामाला असतो आणि बहुतेकांना तो आल्याचं आणि गेल्याचं कळतही नाही. मेअखेरीस पावशाची ‘पेरते व्हा’ सुरू होते. तो आणि आफ्रिकेकडून येणारा चातक, दोघेही आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतात. सातभाई दिवसभर भांडत असल्यासारखे वाटतात खरे, पण पिल्लं सगळे मिळून वाढवतात, आणि त्या एकोप्याचा फायदा हे दोन पाहुणे घेतात. फोनमध्ये आवाज ऐकून नाव सुचवणारं मर्लिन नावाचं अ‍ॅप आहे, ते जरूर वापरावं. फक्त पक्ष्याला जवळ बोलावण्यासाठी त्याचाच आवाज त्याला वाजवून दाखवू नये. आपल्या हद्दीत दुसरा नर आला असं समजून तो चवताळतो आणि पिल्लांना भरवायचा वेळ त्या नसलेल्या शत्रूला शोधण्यात घालवतो.

पण निव्वळ ओळखण्यात हा छंद थांबला तर लवकर शिळा होतो. त्याची खरी गोडी नोंद ठेवण्यात आहे. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांचं उदाहरण पाहा. मुंबईत खेतवाडीच्या घरातल्या तबेल्यात एक चिमणी भोकात अंडी उबवत होती आणि नर बाहेर खिळ्यावर बसून पहारा करत होता. दहाएक वर्षांच्या सालिमने छऱ्याच्या बंदुकीने नर मारला. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर आणला. तोही मारला. सात दिवसांत असे आठ नर झाले, आणि प्रत्येक वेळी बदली उमेदवार हजर. त्या काळी त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आज तो प्रकार वाचताना अंगावर काटा येतो. पण पोराने हे सगळं वहीत लिहून ठेवलं होतं आणि पुढे अनेक दशकांनी ते टिपण पक्षिनिरीक्षकांच्या एका नियतकालिकात छापलं गेलं. १९३०मध्ये हाताला नोकरी नसताना ते अलिबागजवळ किहीमला राहत होते. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. तिच्यासमोर आडोशाला बसून त्यांनी पाहिलं की नर अर्धवट घरटं विणून थांबतो. मादी येऊन ते तपासते. तिला पसंत पडलं तरच तो ते पुरं करतो आणि लगेच शेजारी दुसऱ्या मादीसाठी दुसरं घरटं सुरू करतो. सुगरणीच्या संसाराचं हे चित्र तोवर कुणी नीट मांडलेलं नव्हतं. त्यासाठी लागलं काय, तर एक झाड, एक आडोसा आणि एक वही. महाराष्ट्रात आता ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. पहिला दिवस लेखक मारुती चितमपल्लींच्या जन्माचा आणि शेवटचा सालिम अलींच्या.

त्या वहीचा आजचा अवतार म्हणजे ईबर्ड हे अ‍ॅप. कुठे, किती वाजता, किती वेळ, कोणते पक्षी आणि किती, एवढं फोनवर भरायचं. भारतभरातल्या ३० हजारांहून जास्त हौशी निरीक्षकांनी भरलेल्या अशा तीन कोटी नोंदींवर २०२३चा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल उभा राहिला आणि त्यात ९४२ जातींचा आढावा घेतला गेला. कबूतर, कोकीळ, मोर, राखी वटवट्या यांचं बरं चाललंय, आणि १७८ जातींकडे तातडीने लक्ष द्यायला हवं, हे त्यातून पुढे आलं. त्याआधीच्या २०२०च्या अहवालात चिमणीबद्दल अनेकांना धक्का देणारी गोष्ट होती: मोठ्या शहरांत ती घटली असली तरी देशभराचा विचार करता तिची संख्या साधारण टिकून आहे.

दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातल्या पक्ष्यांची गणना होते. १९९८मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या या उपक्रमात भारत २०१३पासून आहे. एका जागी किमान पंधरा मिनिटं थांबायचं आणि जेवढे पक्षी दिसतील, ऐकू येतील तेवढे लिहायचे. नवख्यांना वाटतं की कावळा-साळुंकी काय लिहायची, काहीतरी दुर्मीळ दिसलं तर नोंदवू. तशी यादी अभ्यासाला फारशी उपयोगी पडत नाही. यादी भरताना अ‍ॅप विचारतं, ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत का? त्याला ‘हो’ म्हणता आलं की यादीत नसलेल्या पक्ष्यालाही अर्थ येतो. तुमच्या पंधरा मिनिटांत बारा कावळे, सहा साळुंक्या, दोन बुलबुल असतील आणि चिमणी नसेल, तर त्या गल्लीत त्या वेळी चिमणी दिसली नाही, ही नोंद झाली. अशा हजारो नोंदी एकत्र आल्या की चिमण्या कुठल्या भागातून गेल्या आणि कुठे टिकल्या, हे नकाशावर दिसायला लागतं.